‘टक्’ आवाज आणि अर्धी फेरी: एका जुन्या राइडिंग मोअरचं प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. “अगं, माझा ट्रॅक्टर उठत नाहीये. शनिवारी येशील का जरा?”

काका म्हणजे माझ्या वडिलांचे, आप्पांचे, वर्गमित्र. वय ७९. १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानं अमेरिकेचं दार इंजिनिअरांना उघडलं, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत इकडे आलेल्यांपैकी ते एक. ओहायोत डेटनच्या दक्षिणेला त्यांचं घर आहे आणि घराभोवती दीड एकर गवत, म्हणजे आपले साठ गुंठे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत ते गवत दर आठवड्याला कापावं लागतं. मे महिन्यातल्या पावसात तर पाच दिवसांतच पुन्हा घोट्याच्या वर येतं. ज्याला ते ट्रॅक्टर म्हणतात तो २००३चा राइडिंग लॉन मोअर आहे. बसून चालवायचा, एका सिलिंडरचं १७.५ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन, पोटाखाली ४२ इंची डेकमध्ये दोन पाती. त्यावर बसून दोन तास गवत कापणं हा त्यांच्या आठवड्यातला सगळ्यात आवडता वेळ. ‘नवीन घ्या’ असं त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. मी ते सांगणार नव्हते. चालणाऱ्या इंजिनाला भंगारात काढणं मला सहन होत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आप्पांचं ऑइल इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, माझं लहानपण तिथल्या पान्यांच्या आणि डिझेलच्या वासात गेलं.

मी पोचेपर्यंत बरंच काही होऊन गेलं होतं. किल्ली फिरवली की फक्त ‘टक्’ असा आवाज येत होता. एकानं सांगितलं बॅटरी गेली, म्हणून काकांनी नवी बॅटरी आणली. तरीही टक्. दुसऱ्यानं सांगितलं सॉलेनॉइड (किल्ली मारली की इंजिन फिरवणाऱ्या मोटरला करंट जोडून देणारा विजेचा स्विच) गेला, म्हणून तोही बदलला. टक् कायम. कधीतरी इंजिन अर्धी फेरी फिरायचं आणि अडकायचं. प्लगही नवा लावला, का ते त्यांनाही सांगता येईना. मग एका दुरुस्तीच्या दुकानाला फोन केला. न बघताच निदान मिळालं की सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, गेली आहे. न्यायचा-आणायचा खर्च धरून चारशे डॉलरच्या वर जाईल आणि एवढ्या जुन्या मशिनवर तो करू नका, असा सल्लाही.

मी आधी काहीच उघडलं नाही. काकांना खुर्चीवर बसवलं आणि विचारत गेले. शेवटचं कधी चाललं? ऑक्टोबरच्या अखेरीस. तेव्हा कसं सुरू व्हायचं? इथे ते थांबले. “गेल्या वर्षीसुद्धा मध्येच अडायचं गं. अर्धं फिरायचं, थांबायचं. मी किल्ली सोडून पुन्हा मारायचो, मग घ्यायचं.” टाकीतलं पेट्रोल? “तेच आहे, ऑक्टोबरचं.” शेडमध्ये उंदीर? “सीटखाली घरटंच होतं. काकूनं काढलं.”

या चार उत्तरांत पुढचं सगळं होतं. पण मलाही ते त्या वेळी नीट जोडता आलं नाही.

‘टक्’ आवाज काय सांगतो

या आवाजानं लोक निराश होतात. मला तो ऐकून बरं वाटलं. किल्लीपासून सेल्फपर्यंतचा मार्ग दोन भागांत आहे. पहिला बारीक वायरींचा: फ्यूज, किल्लीचा स्विच, ब्रेक पेडलखालचा स्विच, पात्यांच्या लिव्हरचा स्विच आणि शेवटी सॉलेनॉइडची कॉइल. यातून जेमतेम काही अँपिअर जातात. दुसरा जाड केबलींचा: बॅटरी, सॉलेनॉइडचे मोठे संपर्क, सेल्फ, इंजिनाचा सांगाडा आणि चासीमधून परत बॅटरीची निगेटिव्ह. यातून शंभर अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. सॉलेनॉइड टक् वाजतो याचा अर्थ पहिला भाग पूर्ण होतोय. फ्यूज चांगला, किल्ली चांगली, दोन्ही सेफ्टी स्विच चांगले. काहीही न खोलता अर्ध्या शंका संपल्या.

या स्विचांबद्दल मला एक बोलायचंच आहे. काकांना कुणीतरी सुचवलं होतं की ‘ते स्विच वायर टाकून बायपास करा आणि सॉलेनॉइडवर स्क्रूड्रायव्हर टेकवून सुरू करा’. हे कृपा करून कुणी करू नये. ब्रेक दाबलेला नसताना किंवा पाती जोडलेली असताना इंजिन सुरूच होऊ नये, बसणारा सीटवरून उठला तर बंद पडावं, यासाठी ते आहेत. अमेरिकेत हातानं ढकलायच्या मोअरना तर १९८२पासून कायद्यानं बंधन आहे: हँडल सोडल्यापासून तीन सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. ही बंधनं तुटलेल्या बोटांमधून आणि पायांमधून आली आहेत. शेजारी उभं राहून स्क्रूड्रायव्हरनं सुरू केलेला आणि गिअरमध्ये राहिलेला मोअर माणसाच्या अंगावर चढतो.

मग मल्टिमीटर काढला. प्लगची वायर काढून सांगाड्याला जोडली, म्हणजे इंजिन चुकून सुरू होणार नाही. इंजिन न फिरवता नवी बॅटरी १२.७ व्होल्ट. काकांना किल्ली मारायला सांगितली आणि बॅटरीच्या टर्मिनलांवरच पाहिलं: ११.४. बॅटरी उत्तम. आता तसंच सेल्फच्या बोल्टावर आणि सेल्फच्या बॉडीवर पाहिलं: ७.९.

साडेतीन व्होल्ट वाटेत कुठेतरी मुरत होते. वाट तर दोन्हीकडून आहे. म्हणून आधी पॉझिटिव्ह बाजू: बॅटरीच्या पॉझिटिव्हवर एक टोक, सेल्फच्या बोल्टावर दुसरं, किल्ली मारायची आणि वाचायचं. ०.४ व्होल्ट, चालेल. मग निगेटिव्ह बाजू: बॅटरीच्या निगेटिव्हवर एक टोक, सेल्फच्या बॉडीवर दुसरं. ३.१ व्होल्ट!

आता त्या वाटेचे तुकडे पाडले. टर्मिनल ते केबलचा थिंबल, म्हणजे तिच्या टोकाची धातूची कडी, ०.०५. थिंबल ते चासी, २.९. चासी ते इंजिन, ०.१५. चोर सापडला. सीटखाली जिथे काळी केबल चासीला बोल्टनं आवळली होती तिथेच उंदरांचं घरटं होतं. त्यांच्या मुतानं आणि हिवाळ्याच्या ओलीनं बोल्टाखालचा पत्रा पांढऱ्या-हिरव्या खपल्यांनी भरला होता. वरून बोल्ट घट्ट होता. हलवून पाहणाऱ्याला काहीच कळलं नसतं.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. मल्टिमीटर ओहमवर ठेवून ही जोडणी तपासली असती तर ती ‘चांगली’ दिसली असती. शंभर अँपिअरला ३ व्होल्ट खायला ०.०३ ओहमचा अडथळा पुरतो आणि साध्या मीटरच्या दोन वायरींचाच अडथळा त्याच्या कितीतरी पट असतो. करंट वाहत असतानाच हा दोष दिसतो. टेस्ट लॅम्पही इथे फसवतो, कारण त्या बारक्या दिव्याला लागणारा करंट गंजातूनही आरामात जातो. अर्थिंगच्या, म्हणजे निगेटिव्ह बाजूच्या अशा जोडणीच्या, दोषामुळे किती सेल्फ आणि किती बॅटऱ्या विनाकारण बदलल्या जात असतील! काकांची जुनी बॅटरी मी रात्रभर चार्जरवर लावली, दुसऱ्या दिवशी तीही ठणठणीत निघाली.

बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, थिंबल घासला, दातेरी वॉशर घातला, आवळून वर व्हॅसलिन फासलं. निगेटिव्ह बाजूचा तोटा ३.१वरून ०.३वर आला. सेल्फला आता साडेनऊ व्होल्ट मिळत होते. मी किल्ली मारली. इंजिन दमदार दीड फेरी फिरलं आणि धाडकन अडकलं. पुन्हा मारली, पुन्हा तसंच.

आप्पांचा प्रश्न

खरं सांगायचं तर इथे मीही डगमगले. पूर्ण व्होल्टेज पोचतंय आणि तरी सेल्फ इंजिन ओढू शकत नाही, म्हणजे सेल्फच कमजोर, असं मनात आलं. फोनवर नवीन सेल्फची किंमतही पाहिली.

तेव्हा इकडे सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे कोल्हापुरात रात्रीचे साडेआठ. आप्पांचं जेवण झालेलं असतं. व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा इंजिनावर धरला. काका आणि आप्पांनी आधी पाच मिनिटं एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग आप्पांनी शांतपणे सगळं ऐकलं.

“प्लग काढून फिरवलंस?”

“नाही अजून.”

“मग काढ की.”

प्लग काढला. वायर सांगाड्याला जोडलेलीच होती. किल्ली मारली तर इंजिन भिंगरीसारखं फिरलं. भोकातून पेट्रोल उडालं नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल साचून पिस्टन अडत नव्हता. ऑइलच्या काडीलाही पेट्रोलचा वास नव्हता. बेअरिंग जाम नाही, सेल्फ चांगला. इंजिनाला अडवत होतं ते फक्त त्याचं स्वतःचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टननं सिलिंडरमध्ये दाबलेली हवा.

“पोरी,” आप्पा म्हणाले, “एवढ्या मोठ्या सिंगल सिलिंडरला डिकॉम्प्रेशन कुठाय?”

उद्यमनगरात वाढलेल्या कुणालाही हा प्रश्न लगेच भिडेल. आपल्याकडे विहिरीवरची डिझेल इंजिनं हँडल मारून सुरू करायचे. डिझेलचं कॉम्प्रेशन माणसाच्या हातानं ढकललं जात नाही. म्हणून वरचा एक छोटा लिव्हर आडवा करायचा, त्यानं एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा निसटते, हँडल हलकं होतं. चाकानं वेग घेतला की लिव्हर सोडायचा आणि इंजिन पहिला धडाका देतं. लहानपणी मी तो लिव्हर सोडायच्या कामावर असायचे. आप्पा हँडल मारायचे, “हां!” म्हणायचे आणि मी सोडायचे.

मोअरच्या इंजिनात हे काम कॅमशाफ्टच करतो. सुरू करतानाच्या मंद वेगात एक व्हॉल्व्ह कॉम्प्रेशनच्या फेरीत किंचित उघडा राहतो, काही इंजिनांत इनटेकचा तर काहींत एक्झॉस्टचा. तेवढ्यातून थोडी हवा निसटते आणि लहानसा सेल्फ मोठ्या पिस्टनला वरच्या टोकापलीकडे नेऊ शकतो. पण हे उघडणं अगदी बारीक असतं. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातलं अंतर, ज्याला आपण टॅपेटचं गॅप म्हणतो, ते झिजून वाढलं तर कॅमचा तो छोटा उंचवटा त्या गॅपमध्येच संपतो. व्हॉल्व्ह हलतच नाही. हवा निसटत नाही. सेल्फ पूर्ण कॉम्प्रेशनवर आपटून थांबतो. ‘गेल्या वर्षीसुद्धा मध्येच अडायचं’ हे काकांचं वाक्य मला आत्ता ऐकू आलं.

व्हॉल्व्ह कव्हर खोललं. चार बोल्ट, जुनं गॅस्केट सुरीनं सोडवावं लागलं. प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची नळी घालून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणला, मग साधारण ६ मिलिमीटर खाली उतरवला. हे महत्त्वाचं आहे. अगदी वरच्या टोकालाच मोजलं तर कॅमचा तोच उंचवटा मध्ये येऊ शकतो आणि माप चुकतं. या इंजिनाच्या पुस्तिकेत इनटेकला ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर गॅप सांगितला आहे. फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पट्टी, घातला तर इनटेकला ०.२८ आणि एक्झॉस्टला ०.२५.

मधला लॉकिंग स्क्रू सैल केला, नट फिरवून इनटेक ०.१० आणि एक्झॉस्ट ०.१५ला बसवला, स्क्रू आवळून पुन्हा मोजलं, कारण आवळताना गॅप हलतो. दोन फेऱ्या हातानं फिरवून तिसऱ्यांदा मोजलं. जुनं गॅस्केट खरवडून साफ केलं, नवीन बसवलं, प्लग लावला. काकांनी ब्रेक दाबला आणि किल्ली मारली.

फिरलं! न अडकता, एकसारखं, जसं फिरायला हवं तसं. नव्या सेल्फचे सव्वाशे डॉलर वाचले आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नवा सेल्फ लावूनही हे मशिन अडलंच असतं. व्हिडिओवरून आप्पा टाळ्या वाजवत होते. काकू दारातून विचारत होत्या, “झालं का रे?”

झालं नव्हतं. इंजिन नुसतं फिरत होतं, पेटत नव्हतं.

आता काका खट्टू झाले. मी मात्र समजावलं की हा नवीन दोष वाईट बातमी नाही. आतापर्यंत हा तपासायची संधीच मिळत नव्हती.

पेटण्याच्या प्रश्नाला फाटे कमी. ठिणगी, पेट्रोल, हवा. प्लगच्या वायरला स्पार्क टेस्टर लावला तर निळी ठिणगी नियमित. पाच-पाच सेकंद तीनदा सेल्फ मारून प्लग काढला. टोक कोरडं खडखडीत. चोक ओढून एवढं फिरवल्यावर प्लग ओला व्हायला हवा. एअर फिल्टर काढून, हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या तोंडात चमचाभर ताजं पेट्रोल टाकलं, फिल्टर परत लावला आणि किल्ली मारली. दोन सेकंद चाललं आणि बंद. म्हणजे ठिणगीची वेळ बरोबर, कॉम्प्रेशन बरोबर, पेट्रोल पोचत नाही.

टाकीची नळी काढली तर धार चांगली. कार्ब्युरेटरच्या बाउलखाली, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीखाली, एक छोटा सॉलेनॉइड असतो, किल्ली चालू केली की तो आत ओढला जाऊन जेटची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाची, वाट मोकळी करतो. तोही वाजत होता. राहिला बाउल. खोलला तर तळाशी पाण्याचे थेंब आणि मधासारखा चिकट थर. मेन जेटचं भोक डोळ्याला धरून आभाळाकडे पाहिलं, प्रकाशच दिसेना.

अमेरिकेतल्या बहुतेक पंपांवरच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. सहा महिने, तेही गोठवणाऱ्या आणि वितळवणाऱ्या ओहायोच्या हिवाळ्यात, टाकीत पडून राहिलं की ओलीचं प्रमाण वाढतं आणि एका मर्यादेनंतर पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा डिंक होतो. गाडी रोज चालते म्हणून तिला हे जाणवत नाही. वर्षातले सहा महिने उभ्या राहणाऱ्या यंत्राला जाणवतं. हे लिहिताना मला आपल्याकडचे ग्रास कटर, फवारणी पंप आणि अंगणात झाकून ठेवलेल्या जुन्या स्कूटर आठवतात. भारतात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आहे. कोकणात पावसाळ्यानंतर जो ग्रास कटर भरल्या टाकीनं माळ्यावर चढतो, त्याच्या कार्ब्युरेटरची अवस्था पुढच्या जूनमध्ये यापेक्षा चांगली नसेल.

जेट काढून कार्ब क्लीनर मारला आणि मऊ तांब्याच्या वायरची एक तार आरपार घातली. पोलादी तार किंवा ड्रिल वापरू नये, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. फ्लोट आणि सुई तपासली, बाउलचं गॅस्केट नवीन घातलं. टाकीतलं जुनं पेट्रोल उपसलं, इंधनाचा फिल्टर बदलला, दहा डॉलरचं ताजं पेट्रोल भरलं. तोवर शनिवार संपून रविवारची दुपार झाली होती.

काका सीटवर बसले, ब्रेक दाबला, चोक ओढला. अर्ध्या सेकंदात इंजिन पेटलं. आधी निळसर धूर आला, मग तो निवळला. थ्रॉटल पूर्ण दिल्यावर बॅटरीवर १३.९ व्होल्ट, म्हणजे चार्जिंगही होतंय. पाती जोडून सीटवरून जरा उठायला सांगितलं, तर इंजिन लगेच बंद. सेफ्टी स्विच आपलं काम करत होता. काका पुन्हा बसले आणि थेट गवतातच गेले. काकूंनी पोह्यांची हाक तीनदा मारली, ते आलेच नाहीत.

खर्च सांगायचा तर फीलर गेज, दोन गॅस्केट, फिल्टर, क्लीनर आणि पेट्रोल मिळून पन्नास डॉलरच्या आत. त्याआधी बॅटरी, सॉलेनॉइड आणि प्लगवर गेलेले नव्वद डॉलर वेगळे, त्यातलं एकही लागत नव्हतं.

मी परत घरी जाताना हे सगळं मनात लावून पाहिलं. टॅपेटचं गॅप वर्षानुवर्षं वाढत होतं, गेल्या मोसमात ते जेमतेम निभावत होतं. हिवाळ्यात उंदरांनी अर्थिंग खाल्लं, त्यामुळे सेल्फची तेवढीशी ताकदही गेली. त्याच हिवाळ्यात जेट बुजला. तीन दोष एकामागे एक उभे होते आणि पहिल्या दोघांचं लक्षण जवळपास एकच होतं. एक भाग बदलून मशिन सुरू झालं नाही की तो भाग चांगलाच होता असं माणूस धरून चालतो आणि पुढच्या भागाकडे जातो. इथे उलटही होऊ शकलं असतं: मी अर्थिंग साफ केलं, तरी अडलं, म्हणून अर्थिंगचा दोष नव्हताच असं मी मानलं असतं, जर ३.१चे ०.३ झालेले मीटरवर दिसले नसते. ‘सुरू झालं का’ एवढाच प्रश्न विचारला तर या प्रकरणात दोनदा उत्तर ‘नाही’ आलं, आणि दोन्ही वेळा दुरुस्ती बरोबर होती.

ऑक्टोबरच्या अखेरीस काकांनी टाकी उपसली, कार्ब्युरेटर कोरडा होऊन इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, बॅटरी काढून तळघरात ठेवली आणि सीटखाली तारेची जाळी बसवली. या एप्रिलमध्ये मी फीलर गेज घेऊन पुन्हा गेले. इनटेक ०.११, एक्झॉस्ट ०.१५. कव्हर परत लावलं, किल्ली काकांनी फिरवली.